विमानातला रेडिओ टेबलावर तपासताना

प्रश्न : आमच्या विमान देखभाल प्रशिक्षण संस्थेत सेसना 150 विमानातून काढलेला केवाय 97ए हा संदेशवहनाचा जुना रेडिओ आहे. 'आपले बोलणे समोरच्याला नीट ऐकू जात नाही', ही वैमानिकाची तक्रार त्याला जोडलेल्या चिठ्ठीवर आहे. विमान नसताना तो टेबलावर तपासता येईल का?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : येईल, मात्र घाईने बटण दाबल्यास चांगला रेडिओही हातचा जाईल. पहिली खातरजमा व्होल्टेजची करावी. केवाय 97ए हा 14 व्होल्टच्या विमानांसाठी बनवलेला आहे, तर दिसायला जवळजवळ तसाच असणारा केवाय 96ए हा 28 व्होल्टवर चालतो. सेसना 150 आणि 152 या विमानांमध्येही हाच फरक आहे. म्हणून पाठीमागची पट्टी वाचावी आणि पॉवर सप्लाय 13.75 व्होल्टवर ठेवावा. ऐकताना रेडिओ थोडाच करंट घेतो, पण बोलण्याचे बटण दाबताच मागणी काही अँपिअरपर्यंत चढते, त्यामुळे मोबाइल चार्जरच्या ताकदीचा सप्लाय येथे निरुपयोगी ठरतो. रेडिओ ज्या ट्रेमध्ये सरकवला जातो तो ट्रे मिळवून, जोडण्या उत्पादकाच्या मॅन्युअलमधील आकृतीनुसारच कराव्यात. हेडसेटही विमानाचाच घ्यावा, कारण त्याच्या माइकला रेडिओकडून थोडे डीसी व्होल्टेज मिळते आणि साधा संगणकी माइक तेथे चालत नाही.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अँटेनाच्या जागी 50 ओहमचा डमी लोड (रेडिओची शक्ती हवेत न सोडता स्वतःत जिरवणारा रोधक) आणि मध्ये वॅटमीटर जोडल्याशिवाय बोलण्याचे बटण दाबू नये, कारण बाहेर जाऊ न शकलेली शक्ती परत फिरून अंतिम टप्प्यातील ट्रान्झिस्टर जाळू शकते. विमानांचे हे संदेशवहन एएम पद्धतीचे असते, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या वाहक लहरीची उंची आवाजानुसार कमी-जास्त केली जाते; यालाच मॉड्युलेशन म्हणतात. 5 वॅटच्या वाहक लहरीवर पूर्ण मॉड्युलेशन झाल्यास शिखराची शक्ती चौपट, म्हणजे 20 वॅट होते, हे ध्यानात ठेवून लोड निवडावा. डमी लोडमधूनही थोडी गळती होतेच. म्हणून स्थानिक वापरातील वारंवारता आणि विशेषतः 121.5 मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची वारंवारता चाचणीसाठी वापरू नये. खऱ्या अँटेनावर बोलून पाहण्याचा विचारही नको. त्यासाठी दूरसंचार विभागाचा परवाना लागतो.

वॅटमीटरचा काटा हलला म्हणजे रेडिओ ठीक आहे, असा निष्कर्ष मात्र काढू नये. तुमच्या चिठ्ठीतील तक्रार आवाजाची आहे आणि वाहक लहर दणदणीत असूनही मॉड्युलेशन क्षीण असू शकते. ते ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लहरीचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर पाहावे. सामान्य आवाजात बोलताना लहरीची उंची ठळकपणे कमी-जास्त व्हायला हवी. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकू येणे हा भरवशाचा पुरावा नव्हे, कारण काही रेडिओंमध्ये तो प्रक्षेपित लहरीतून न येता थेट माइककडून येतो. ग्रहणाच्या बाजूसाठी सिग्नल जनरेटरवरून 1000 हर्ट्झचा, 30 टक्के मॉड्युलेशनचा सिग्नल देऊन तो काही मायक्रोव्होल्टपर्यंत उतरवत न्यावा आणि आवाज खरखरीत कुठे बुडतो ते पाहावे.

माझा अंदाज असा, की तुमचा रेडिओ टेबलावर कदाचित निर्दोष निघेल. अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा माइकच्या सैल जॅकमध्ये, गंजलेल्या अर्थिंगमध्ये किंवा अँटेनाच्या केबलमध्ये असते, आणि ते सारे विमानातच मागे राहिलेले असते. टेबलावरचा सप्लाय भक्कम असतो, विमानात मात्र खराब जोडणीमुळे बोलताना व्होल्टेज खाली येते. म्हणून मॅन्युअलमधील मर्यादेच्या आत व्होल्टेज थोडे उतरवूनही चाचणी घ्यावी. ही तपासणी शिक्षणापुरतीच समजावी. रेडिओ पुन्हा विमानात बसवायचा असेल तर डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र लागते.

प्रश्न : डमी लोडऐवजी तार लावून संस्थेत केवळ ऐकता येईल का?
– तोच विद्यार्थी

उत्तर : संस्थेच्या परवान्यात ते बसत असेल, तर सुमारे 59 सेंटिमीटर लांबीची उभी तार पुरेशी आहे, 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या मध्यावरील तरंगलांबीचा तो चौथा भाग होतो. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने दूरच्या विमानतळाचा टॉवर ऐकू येणार नाही, पण त्याच्याशी बोलणारे उंचावरचे विमान स्पष्ट ऐकू येईल. मात्र माइकचा जॅक तेवढा वेळ काढून ठेवावा.