इंग्लंडात कॉयर निवडताना: नवी रचना, साथीशिवाय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी इंग्लंडला निघालाय, रागसंगीताची तालीम आहे, स्टाफ नोटेशन (पाच रेषांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी) जेमतेम वाचता येतं. ज्या गावी जाताय तिथल्या एका हौशी कॉयरने, म्हणजे गायकवृंदाने, यंदा फक्त आजच्या स्त्री संगीतकारांच्या, वाद्यसाथ नसलेल्या, स्त्री-पुरुष मिश्र आवाजांच्या रचना घेतल्यात. तिथे थेट जावं, की आधी हँडल-बाख या जुन्या संगीतकारांचं गाणाऱ्या मोठ्या कॉयरमध्ये हात बसवावा?

थेट जा. मी दोन्हीकडे गाते. हँडलचे ओरेटोरिओ, म्हणजे धार्मिक कथांवरच्या मोठ्या गायनरचना, इथल्या कित्येकांना शाळेपासून पाठ. तालमीत कुणी थांबत नाही आणि आपली फरपट होते. नव्या रचनेपुढे सगळेच कोरे, त्यामुळे एकेक ओळ घोटून घेतली जाते.

नोटेशनची धास्ती नको. 'डो-रे-मी'तला 'डो' आपल्या 'सा'सारखा हलवता येतो. ती इंग्लिश पद्धतही नॉरिचच्या सॅरा ग्लोव्हर या शिक्षिकेनेच एकोणिसाव्या शतकात बसवली. तिच्या आधाराने वाचन हळूहळू जमतं.

खरी कसोटी कानाची. साथ नाही म्हणजे तानपुराही नाही. कंडक्टर (कॉयरचे संचालक) ट्यूनिंग फोर्क (नादकाटा) कानाशी धरून प्रत्येक गटाला सूर गुणगुणून देतात, पुढे सगळं आपल्यावर. एखाद्या संथ रचनेत अख्खा कॉयर नकळत खाली घसरतो. अशा वेळी तुम्ही मूळ सा घट्ट धरून बसलात, तर बरोबर असूनही बेसूर तुम्हीच ठरता! शेजारणीबरोबर उतरायचं. दुसरं म्हणजे घासणारे सूर. आल्टोंचे, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांचे, दोन भाग होतात, तुम्ही सा वर, बाजूची कोमल रे वर, आणि तसंच ताटकळत उभं राहायचं. आपला गळा तिथून सरकायला बघतो; सरकू द्यायचा नाही, ती घासणच संगीतकाराला हवी असते. मींड, गमक बंद. लांब ओळीत श्वास आळीपाळीने चोरायचा, शेजारणीने घेतला त्याच क्षणी आपण नाही.

जाण्याआधी थोडं ऐकून ठेवा. ज्युडिथ वीअर 2014 मध्ये ब्रिटिश राजघराण्याच्या 'मास्टर ऑफ द क्वीन्स म्युझिक', म्हणजे मानाच्या दरबारी संगीतकार, झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. 2024 मध्ये त्यांच्या जागी एरोलिन वॉलन आल्या. सेसिलिया मॅकडॉवल यांच्या साथीशिवायच्या धार्मिक रचना कॉयरांत बऱ्याच गायल्या जातात. अमेरिकेच्या कॅरोलाइन शॉ यांना 'पार्टिटा फॉर एट व्हॉइसेस'साठी 2013 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं, वयाच्या तिसाव्या वर्षी. त्याची सुरुवात गाण्याने होतच नाही: आठ जण नाचातल्या सूचना आणि भिंतीवरच्या चित्राचे निर्देश एकमेकांवर बोलत जातात आणि बोलता बोलता सूर लागतो. थक्क व्हायला होतं, पण हौशी कॉयरने हात घालावा असं ते काम नाही. त्यापेक्षा रोझफनी पॉवेल यांची 'द वर्ड वॉज गॉड' घ्या, एकेक आवाज कसा चढत जातो ते स्पष्ट कळतं. आणि रीना इस्माइल यांची 'तारेकिटा' तर ऐकाच. तबल्याच्या बोलांवर बांधलेली. तिथे इंग्रज मंडळी तुमच्या तोंडाकडे बघतील.

बाकी व्यवहाराचं: नवं सत्र बहुधा सप्टेंबरात सुरू होतं, सदस्यत्वाची वर्गणी असते, आणि संगीतकार हयात असल्याने स्वरलिपीची फोटोकॉपी चालत नाही, प्रत विकत घ्या किंवा कॉयरकडून घ्या, पेन्सिल बरोबर ठेवा.

ऑडिशनला पट्टी सांगू नका, सगळ्यांत खालचा आणि वरचा सूर सांगा. काळी चारच्या आसपास गाणारी बाई इथे बहुतेक वेळा आल्टो ठरते. इथल्या सोप्रानोंसारखं (उंच सुरांत गाणाऱ्या बायकांसारखं) वर जायला डोक्यातला आवाज, म्हणजे छातीऐवजी डोक्यात घुमणारा हलका आवाज, लागतो आणि तो आपल्या तालमीत फारसा वापरला जात नाही, तेव्हा पहिल्या वर्षी आल्टोतच जागा मागा.