वरिष्ठांच्या कानावर काय येते

कामाच्या ठिकाणी माणसे सांभाळण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : चाकण येथील वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मी बरीच वर्षे सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर ऑपरेटर होतो. दिवाळीनंतर मला त्याच शॉपमध्ये (कारखान्यातील विभागात) सुपरवायझर करण्यात आले. पूर्वी ज्यांच्याबरोबर डबा खात होतो, ते सहकारी आता मी जवळ गेलो की बोलणे थांबवतात. मॅनेजर म्हणतात, ‘अंतर ठेवा, नाहीतर डोक्यावर मिरे वाटतील.’ घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘गोड बोलून काम करवून घ्यावे.’ रिजेक्शन (बाद होणारा माल) मात्र वाढत आहे आणि ते मला बहुधा शिफ्ट संपल्यावरच कळते. मी कोणाचे ऐकावे? — एक वाचक, चाकण

उत्तर : रिजेक्शन शिफ्ट संपल्यावर कळते, हे आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे, माझ्या मते तोच पत्रातला मुख्य मुद्दा आहे. मॅनेजरांचा आणि घरच्यांचा सल्ला परस्परविरोधी वाटत असला, तरी कामगार आपले ऐकतील कसे, एवढाच विचार दोघांनीही केला आहे. कामगार आपल्याला काही सांगतील का, हे दोघांच्याही मनात आलेले नाही. इन्सर्ट (धातू कापणारे पाते) झिजला आहे, माप सरकू लागले आहे, कूलंट (थंड ठेवणारा द्रव) नीट पडत नाही, आज आलेला माल नेहमीपेक्षा कठीण लागतो आहे, हे सर्वांत आधी मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला कळते. त्याने ते लगेच सांगितले तर दोन-चार नग बाद होतात, शिफ्ट संपेपर्यंत दडवले तर अख्खा ट्रे बाद होतो. माणसांशी वागण्याच्या कौशल्याचे मोल मी याच हिशेबाने मोजतो : वाईट बातमी आपल्यापर्यंत किती लवकर पोहोचते?

ती पोहोचणार की नाही, हे बहुधा सुरुवातीच्या एक-दोन प्रसंगांतच ठरून जाते. एखादा ऑपरेटर ‘साहेब, माप सरकतंय’ असे सांगायला आला आणि आपला पहिला प्रश्न ‘आतापर्यंत काय झोपला होतास?’ असा असला, तर पुढच्या वेळी तो येणार नाही. इतकेच नव्हे, तर शेजारच्या मशीनवर उभे राहून हे ऐकणारेही येणार नाहीत. त्याऐवजी ‘केव्हापासून सरकतंय, किती नग वेगळे काढायचे?’ असे विचारले, तर जबाबदारी सुटत नाही, पण बोलणे कामावर राहते. निष्काळजीपणाबद्दल रागवायचे असेल तर जरूर रागवावे. मात्र ते नग वेगळे झाल्यावर, एकट्याला बाजूला घेऊन.

या प्रश्नाचा अभ्यास फार पूर्वी झालेला आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोगांची एक मालिका झाली. दिव्यांचा प्रकाश वाढवला तरी उत्पादन वाढले आणि कमी केला तरी वाढले, एवढीच तिची गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगितली जाते. मला मात्र तिचा शेवटचा भाग अधिक मोलाचा वाटतो. टेलिफोन यंत्रणेच्या तारा जोडणाऱ्या चौदा पुरुषांच्या एका गटाचे काही महिने निरीक्षण करण्यात आले. दिवसाला किती काम करायचे, हे त्या गटाने आपसांत ठरवून टाकले होते. त्यापेक्षा जास्त करणाऱ्याची टिंगल होई आणि फार कमी करणाऱ्याचीही. शिवाय वर सांगितला जाणारा आकडा आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ बसत नसे. त्यांच्यातच वावरणाऱ्या गटप्रमुखाला हे ठाऊक होते, पण तो गप्प राहत असे. फोरमन आला की सगळे नियमाप्रमाणे वागत. हुद्दा जितका वरचा, तितके त्याला दिसणारे चित्र नीटनेटके आणि खोटे. आपण जवळ गेल्यावर बोलणे थांबते, त्याचा अर्थ एवढाच की त्या गटाच्या दृष्टीने आपण कुंपणाच्या पलीकडे गेला आहात. त्यात वैर नाही.

त्याच कारखान्यात १९२८ ते १९३० दरम्यान वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न विचारले जात. कामगार मात्र प्रश्न सोडून स्वतःच्याच अडचणींकडे वळतात, हे लक्षात आल्यावर मुलाखतकारांनी पद्धत बदलली आणि माणसाला हवे ते बोलू देऊन ऐकण्याचे काम पत्करले. या प्रयोगांवर पुढे टीकाही पुष्कळ झाली आणि ती रास्त आहे. याच प्रयोगांत निरीक्षणासाठी वेगळ्या बसवलेल्या, ज्या छोट्या खोलीतील पाच तरुणींच्या आपुलकीच्या वातावरणाचे एवढे कौतुक होते, तिच्यातील दोघींना ‘सहकार्य करत नाहीत’ म्हणून मध्येच बदलण्यात आले होते, हे सांगायला अनेक जण विसरतात.

आता आपल्या शॉपविषयी. जुन्या मित्रांना तोडू नका. पण रविवारच्या ओव्हरटाइमची यादी आणि गावच्या जत्रेच्या किंवा गणपतीच्या दिवसांतील रजांचा क्रम फळ्यावर लावा, म्हणजे डब्याची सोबत आणि कामाची वाटणी यांचा संबंध नाही हे सर्वांना दिसेल. संशय बहुधा या दोन गोष्टींवरूनच सुरू होतो. कंत्राटी मुलांना नावाने हाक मारा आणि त्यांच्या मशीनपाशी रोज थोडे थांबा, कारण दोष लपवण्याचे सर्वांत मोठे कारण त्यांच्यापाशी असते : उद्या गेटवरून परत पाठवले जाण्याची भीती. पगारवाढीचे किंवा कायम करण्याचे आश्वासन मात्र देऊ नका. ते आपल्या हातात नाही, हे त्यांनाही ठाऊक असते.

प्रश्न : मी एका रुग्णालयात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. औषधाची वेळ चुकली, मात्रा चुकता चुकता राहिली, तरी नोंद करा, असे मी कनिष्ठ परिचारिकांना सांगते. त्यामुळे माझ्या वॉर्डातील चुकांचा आकडा इतर वॉर्डांहून जास्त दिसतो आणि मेट्रननी (परिचारिकांच्या प्रमुखांनी) माझ्याकडे खुलासा मागितला आहे. माझे वागणे फार सैल आहे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्याला पडलेले कोडे हार्वर्ड विद्यापीठातील एमी एडमंडसन या संशोधिकेलाही पडले होते. दोन रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करताना, ज्या गटाचे नेतृत्व चांगले आणि आपसांतील संबंध बरे तेथे औषधांच्या चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. खोलात गेल्यावर त्यांना जे कारण सुचले ते असे, की चांगल्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या जास्त सांगितल्या जात होत्या. जेथे इन्चार्जच्या धाकाने परिचारिका गप्प बसत, तेथे कागद कोरा राहत होता. हे संशोधन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बोलण्याची भीती नसणे हा गुण संघाच्या कामगिरीशी कसा जोडलेला आहे, यावरील त्यांच्या पुढच्या कामाची सुरुवात त्यातून झाली.

खुलासा देताना मात्र नुसते एवढे सांगून भागणार नाही. मेट्रनबाईंपुढे एकच आकडा आहे. आपण तो फोडून दाखवावा. रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी पकडलेल्या चुका किती, पोहोचलेल्या किती, त्यांतून इजा झालेल्या किती आणि नोंदीनंतर काय बदलले, असे लिहून दिल्यास चित्र स्पष्ट होईल. सारख्या दिसणाऱ्या दोन इंजेक्शनांच्या कुप्या एकाच कप्प्यात होत्या आणि नोंद झाल्यावर त्या वेगळ्या ठेवल्या, असे एक उदाहरणही पानभर समर्थनापेक्षा अधिक बोलते. उलट, तीच चूक त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा नोंदली जात असेल, तर मेट्रनबाईंचा आक्षेप बरोबर आहे असे मी म्हणेन, कारण मग नोंद हा केवळ उपचार झाला. नजरचूक, घाईतला आडमार्ग आणि जाणूनबुजून केलेली हयगय या तिन्हींना एकच वागणूक देणे हा खरा सैलपणा होय. तिसऱ्या प्रकाराला मेमो द्यावाच लागतो.

हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे पाळी बदलताना, वॉर्डातील मावशींना आणि मामांनाही विचारत जा. रुग्णाने जेवणाचे ताट तसेच परत केले किंवा रात्रभर तो कण्हत होता, हे अनेकदा त्यांनाच आधी कळते आणि त्यांना कोणी विचारत नाही. आणखी एक. रात्रपाळीला माणसेच अपुरी असतील, तर कोणतेही संवादकौशल्य ती उणीव भरून काढू शकत नाही. खुलाशाच्या पत्रात तेही लिहून ठेवा.

प्रश्न : आमची कोल्हापूरजवळ छोटी फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे. वडिलांपासून आम्ही कामगारांना घरचे मानतो. लग्नकार्याला, दवाखान्याला उचल देतो. तरीही दोन कसलेले मोल्डर (वाळूचे साचे बनवणारे कारागीर) काही न सांगता दुसरीकडे गेले. कमी कुठे पडलो? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उचल देणे हा चांगुलपणा आहे; पण उचल घेतलेला माणूस मालकापुढे मोकळेपणाने तक्रार करू शकत नाही, हीही त्याचीच दुसरी बाजू आहे. मुंबईच्या गिरण्यांतील जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, हे याचे जुने उदाहरण. तो कामगाराचे गाव, नातेवाईक, कर्ज, घरची भांडणे सारे जाणून असे. नोकरी तोच लावी, अडीनडीला तोच उभा राही. माणसे ओळखण्याची त्याच्याएवढी हातोटी मॅनेजरला कधीच साधली नाही. मात्र नोकरी देणे आणि काढणेही त्याच्याच हाती असल्यामुळे ती ओळख दस्तुरीचे (कामगाराकडून उकळलेल्या पैशांचे) आणि दडपणाचे साधन बनली. भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या, व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरकडून भरती-बडतर्फीचा अधिकार काढून घेण्याची आणि कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली, ती यामुळेच. जिव्हाळ्याला नियमाची जोड नसली तर त्याचे उपकारात रूपांतर होते आणि उपकाराच्या ओझ्याखालचा माणूस भांडत नाही, निघून जातो. आपण असे मुद्दाम केले आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही.

तेव्हा उचलीचे नियम लेखी करा, सर्वांना सारखे ठेवा आणि तिचा हिशेब पाहण्याचे काम कारकुनाकडे द्या. मग कामाविषयी विचारा : वाळू कशी येते, कोणता पॅटर्न (साच्याचा नमुना) त्रास देतो, भट्टीपाशी कोणत्या वेळी थांबून राहावे लागते. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ मध्ये ए. के. राइस या ब्रिटिश संशोधकाने, स्वयंचलित मागांवरचे काम सुटे सुटे वाटण्याऐवजी लहान गटांकडे सोपवावे, अशी कल्पना मांडली. सुपरवायझर आणि कामगारांनी ती उचलून धरली आणि कोणी कोणाबरोबर काम करायचे हे स्वतःच ठरवले; सुरुवातीच्या अडचणींनंतर उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. कसलेल्या मोल्डरला आपला शब्द साच्यापुरता तरी चालतो, असे वाटले पाहिजे. गेलेल्या दोघांनाही एकदा चहाला बोलवा. आता त्यांना आपली भीड नाही. ते खरे सांगतील.

प्रश्न : हे गुण उपजत असतात की शिकता येतात? मी स्वभावाने अबोल आहे आणि लवकरच माझ्याकडे एका टीमची जबाबदारी येणार आहे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : शिकता येतात, आणि अबोल असणे हा अडसर नाही. विमानवाहतुकीने हे कौशल्य शिकवण्याच्या विषयात आणले. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमाने आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नसावे, अशी शंका उड्डाण घेत असलेल्या विमानाच्या फ्लाइट इंजिनियरने बोलून दाखवली होती. अनुभवी कॅप्टनने ती झटकून टाकली. अशा अपघातांच्या अभ्यासातून १९७९ मध्ये नासाने या विषयावर परिषद भरवली आणि पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात दोन्ही गोष्टींचा सराव सुरू झाला : कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडणे आणि वरिष्ठाने ती ऐकल्याचे उत्तर देणे. तेथे कोणालाही बोलका स्वभाव घडवायला सांगत नाहीत, ठरावीक वेळी ठरावीक प्रश्न विचारायला लावतात.

आपणही तेवढ्यापासून सुरुवात करा. बैठकीत स्वतःचे मत शेवटी सांगा आणि सर्वांत नव्या माणसाला सर्वांत आधी विचारा. ‘काही अडचण नाही ना?’ असे विचारू नका, कारण त्या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर आधीच दडलेले असते. ‘या आठवड्यात कोणते काम अडेल असे वाटते?’ असे विचारा. त्यावर पहिल्या बैठकीत सगळे गप्प राहिले, तरी दुसऱ्या बैठकीत हाच प्रश्न पुन्हा विचारा.