गळा दाबला, आणि कागदावर फक्त एनसी

"ताई, पोलिसात जाऊन आले. एनसी लिहून घेतली आणि म्हणाले, नवरा-बायकोचं भांडण आहे, समजुतीनं घ्या. घर सासूबाईंच्या नावावर, पदरात पाच वर्षांची मुलगी. आता कुणाकडे जाऊ?"

तुझ्या पत्रात मधेच एक ओळ आहे: 'परवा त्यानं गळा दाबला, अजून गिळताना दुखतं.' लगेच पुढे तू मुलीच्या शाळेचं लिहिलंयस. माझं मन मात्र त्या ओळीपाशीच अडकून पडलंय. बाई गं, ज्याचा हात एकदा गळ्यापर्यंत गेला, तो पुढच्या वेळी जीवही घेऊ शकतो.

म्हणून आधी सरकारी दवाखाना, तोही आजच. वरून वळ दिसत नसले तरी आत सूज असू शकते आणि ती उशिरा वाढते. डॉक्टरांना 'पडले' असं सांगू नकोस. 'नवऱ्यानं गळा दाबला' हेच सांग आणि एमएलसी करायला लाव, म्हणजे जखमेची पोलीस प्रकरण म्हणून नोंद होईल.

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. पण नवऱ्यानं केलेला असा छळ दखलपात्र आहे: पूर्वीचं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. समजूत घालून परत पाठवण्याची ही गोष्टच नव्हे, तुला तसं पाठवलं याचा मला राग आला. तरी तो एनसीचा कागद जपून ठेव, तू आधीही तक्रार केली होतीस याचा तो पुरावा आहे. या वेळी लेखी अर्ज घेऊन जा आणि गळ्याचं पहिल्याच ओळीत लिही. एफआयआर घेतली नाही, तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठव.

रात्री पुन्हा अंगावर आला तर ११२ लाव. आधी पत्ता सांग, मग बाकीचं. फोन हिसकावला गेला तरी पत्ता पोचलेला असेल. परवा शेजारच्या काकूंनी दार वाजवलं होतं ना? त्यांनाही हा नंबर सांगून ठेव, तुझ्यासाठी फोन कुणीही करू शकतं. आधार कार्ड, पासबुक, मुलीचा जन्मदाखला त्यांच्याकडेच ठेव. नवरा तुझा मोबाईल तपासतो, तेव्हा नंबर पाठच कर.

घर सासूबाईंचं असलं तरी तुला असं हाकलता येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यानं तुला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय, आणि घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी तो मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय. त्यासाठी कोर्टात करायचा अर्ज संरक्षण अधिकारी, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी, भरून देतात. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. काही दिवस डोक्यावर छप्पर हवं असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर विचार, सखी केंद्राचा, म्हणजे संकटातल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राचा पत्ता देतील.

दवाखान्यात जाताना मुलीला घरी ठेवू नकोस, सोबतच ने.