पेपरला चार दिवस उरले असताना

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा काल रात्रीचा मेसेज आज सकाळी वाचला. अ‍ॅनालॉग सर्किट्सच्या पेपरला चार दिवस राहिले आहेत, ट्रान्झिस्टर बायसिंगचे, म्हणजे ट्रान्झिस्टरला ठरावीक डीसी व्होल्टेज आणि करंट देऊन कामाला तयार ठेवण्याचे, प्रकरण पुन्हा पुन्हा वाचून झाले आहे, सोडवलेले उदाहरण समोर असले की सगळे कळते आणि पुस्तक मिटले की पहिली ओळसुद्धा सुचत नाही, असे तू लिहिले आहेस. शेवटी विचारले आहेस की कोणते युनिट ऑप्शनला टाकू (म्हणजे सोडून देऊ) आणि आयएमपी, म्हणजे हमखास येणाऱ्या, प्रश्नांची यादी मिळेल का. यादी मिळणार नाही. ती मी तुझ्या मामालाही दिली नव्हती. त्याविषयी पुढे लिहितो, कारण त्याने आपली बाजू तुला सांगितलीच असणार.

अभ्यासाला उशीर का झाला, हे मी विचारत नाही. जर्नलवर सह्या घेत फिरण्यात आणि ओरलच्या धावपळीत पीएलचे, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीचे, दिवस कसे संपतात, ते मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून वर्षानुवर्षे पाहिले आहे. मला खटकली ती वेगळीच गोष्ट. तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये सूत्रे आहेत, युनिटे आहेत, गुणांचे हिशेब आहेत, दुप्पट वेगाने पाहिलेले ‘वन शॉट’ व्हिडिओ आहेत, पण सर्किटमधला करंट कुठून निघतो आणि कुठे जातो, याबद्दल एक अक्षर नाही. सूत्र पाठ करण्याआधी करंटची वाट काढ. हे मी या पत्रात अनेकदा लिहिणार आहे आणि तुला कंटाळा आला तरी लिहिणार आहे.

आता कोरा कागद घे. व्होल्टेज डिव्हायडर बायसचे सर्किट पुस्तकात न पाहता काढ. सप्लाय १२ व्होल्ट, वरचा रेझिस्टर ४७ किलोओहम, खालचा १० किलोओहम, कलेक्टरला ३.३ किलोओहम आणि एमिटरला १ किलोओहम. बेस, कलेक्टर आणि एमिटर ही ट्रान्झिस्टरची तीन टोके, आणि बेस जोडायचा ४७ आणि १० किलोओहम यांच्या मध्ये. या आकृतीवर लाल पेनाने बाण काढ. पहिली वाट सप्लायपासून ४७ किलोओहममधून, मग १० किलोओहममधून ग्राउंडला जाते. दुसरी वाट सप्लायपासून कलेक्टरच्या रेझिस्टरमधून, ट्रान्झिस्टरमधून आणि एमिटरच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला जाते. या दोन वाटांना जोडणारी एक बारीक वाट म्हणजे बेसचा करंट, आणि तो इतका लहान आहे की पहिल्या फेरीत त्याच्याकडे दुर्लक्ष केलेले चालते. पहिल्या वाटेवर सुमारे ०.२१ मिलीअँपिअर वाहतो, म्हणून बेसला २.१ व्होल्ट मिळतात. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये पडणारे सिलिकॉनचे ०.७ व्होल्ट वजा केले की एमिटरला १.४ व्होल्ट उरतात, आणि १ किलोओहमवर १.४ व्होल्ट म्हणजे १.४ मिलीअँपिअर. तोच करंट जवळजवळ तसाच्या तसा कलेक्टरमधून येतो, ३.३ किलोओहमवर ४.६ व्होल्ट पडतात आणि कलेक्टरला ७.४ व्होल्ट राहतात. कलेक्टर आणि एमिटर यांच्यामधले व्होल्टेज ६ आले, म्हणजे सप्लायच्या बरोबर निम्मे. क्यू पॉइंट, म्हणजे सिग्नल नसतानाची ट्रान्झिस्टरची स्थिती, मध्यावर ठेवण्याबद्दल पुस्तकात जे पानभर लिहिलेले असते, ते हेच आहे.

यात सूत्र किती लागले ते मोज. ओहमचा नियम, आणि वाटेवरच्या सगळ्या व्होल्टेजची बेरीज जुळवणे, म्हणजे किरचॉफचा नियम. किरचॉफने आपले नियम १८४५ साली मांडले तेव्हा तो कोनिग्सबर्गमध्ये शिकणारा, एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. तुझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा असलेल्या मुलाचे हे काम आहे, आणि तुझा अर्धा पेपर त्यावर सुटतो.

बीटा, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून येतो तो आकडा, या गणितात कुठेच आला नाही, हे तुझ्या लक्षात आले का? नसेल आले तर परत वर जाऊन वाच. बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरच्या डेटाशीटमध्ये बीटा ११०पासून ८००पर्यंत दिलेला असतो. एकाच दुकानातून, एकाच पुडीतून घेतलेले दोन ट्रान्झिस्टर सारखे निघतीलच असे नाही. वरच्या सर्किटमध्ये बीटा १०० धरून बेसच्या करंटसकट नीट गणित केलेस तर एमिटरमधून १.३० मिलीअँपिअर येतात आणि ३०० धरलास तर १.३७. आता फिक्स्ड बायस घे. त्याच ट्रान्झिस्टरचा एमिटर सरळ ग्राउंडला जोडून बेसला ८२० किलोओहमचा एकच रेझिस्टर लावला, तर बीटा १०० असताना कलेक्टरमधून १.४ मिलीअँपिअर येतात, पण ३०० झाला की ४.१ मिलीअँपिअर यायला हवेत, आणि ३.३ किलोओहमवर तेवढ्यासाठी साडेतेरा व्होल्ट लागतील. सप्लाय आहे १२चा. ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये गेला, म्हणजे पूर्ण उघडून तिथेच अडकला, अ‍ॅम्प्लिफायर संपला. ‘फिक्स्ड बायस आणि व्होल्टेज डिव्हायडर बायस यांची तुलना करा’ हा प्रश्न मुले सहा मुद्द्यांचा तक्ता पाठ करून लिहितात आणि तिसरा मुद्दा विसरला की पेन चावत बसतात. ज्याने वाट काढली आहे त्याला मुद्दे आठवावे लागत नाहीत. करंट वाढू लागला की एमिटरचे व्होल्टेज वाढते, बेस आणि एमिटर यांच्यामधले अंतर घटते आणि करंट आपोआप मागे येतो, एवढे दिसले की तक्ता तुझा तूच लिहिशील.

मी पेपर तपासायचो तेव्हा माझा जीव एका गोष्टीने फार तुटायचा. उत्तरपत्रिकेत पहिल्या पानावर सुंदर, पट्टीने काढलेली आकृती असायची, खाली सूत्र बरोबर असायचे, आणि शेवटी चौकटीत उत्तर असायचे: कलेक्टर व्होल्टेज १९ व्होल्ट. सप्लाय १२ व्होल्टचा! त्या मुलाला कॅल्क्युलेटर वापरता येत होता, सूत्र पाठ होते, अक्षर चांगले होते, आणि वरून १२ निघालेले असताना मध्ये १९ कुठून येतील हा प्रश्न मात्र त्याला पडला नव्हता. स्टेप मार्किंगमुळे त्याला गुण मिळायचे, मीच द्यायचो. पण पेन खाली ठेवून मी थोडा वेळ नुसता बसायचो. त्या मुलाला सर्किट दाखवले होते, वाट दाखवली नव्हती. प्रॅक्टिकललाही तेच. एका टेबलाभोवती चौघे, एकाने ब्रेडबोर्डवर जोडणी करायची, तिघांनी रीडिंग उतरवायची, आणि सीआरओवर, म्हणजे ऑसिलोस्कोपवर, वेव्हफॉर्म दिसला की सही. एका सर्किटमागे एका मुलाला एकट्याने पाऊण तास मिळावा, असे मी आयुष्यभर म्हणत राहिलो आणि तेवढी टेबले, तेवढे मल्टिमीटर कधी मिळाले नाहीत. ती रुखरुख अजून आहे, म्हणून तुझ्यावर थोडा चिडतोही आहे. तू ते मनावर घेऊ नकोस.

एसी अ‍ॅनालिसिसला तू घाबरली आहेस, असे दिसते. वाट तीच आहे, फक्त सिग्नलसाठी थोडी बदलते. कपॅसिटर डीसीला बंद आणि सिग्नलला मोकळा, आणि सप्लायचे टोक सिग्नलच्या दृष्टीने ग्राउंड. एवढे करून सर्किट नव्याने काढ आणि परत लाल बाण काढ. १.४ मिलीअँपिअरला एमिटरचा आतला रेझिस्टन्स २६ मिलीव्होल्ट (हा आकडा ठरलेला) भागिले १.४ मिलीअँपिअर, म्हणजे साडेअठरा ओहमच्या आसपास. एमिटरच्या रेझिस्टरला समांतर बायपास कपॅसिटर असेल तर सिग्नलचा करंट त्या साडेअठरा ओहममधून सरळ ग्राउंडला जातो, आणि लोड नसताना गेन, म्हणजे सिग्नल किती पट होतो तो आकडा, ३३०० भागिले साडेअठरा, म्हणजे पावणेदोनशेच्या घरात येतो. तोच कपॅसिटर काढून टाक. आता सिग्नलला १ किलोओहममधून जावे लागते आणि गेन सव्वातीनवर उतरतो. एक कपॅसिटर काढल्यावर एवढा फरक का पडतो, हे ओरलला हमखास विचारतात आणि त्याचे उत्तर वाटेतच आहे.

गेन गमावून स्थैर्य मिळवायचे, हाच निगेटिव्ह फीडबॅक. १९२७ साली हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याला या फीडबॅकचे अ‍ॅम्प्लिफायर सुचले ते हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत, आणि हाताशी होते त्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्याने ते मांडून ठेवले. फीडबॅकचे युनिट तुला वेगळे वाटते आहे, पण एमिटरच्या रेझिस्टरमध्ये तू ते आत्ताच करून आली आहेस. ऑप्शनला टाकायचे कशाला?

ऑप-अँपसुद्धा, म्हणजे चिपमधला तयार अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा, असाच बघ. इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायरला १० किलोओहममधून ०.१ व्होल्ट दिले. इन्व्हर्टिंग टोक जवळजवळ शून्य व्होल्टला आहे, म्हणून १० मायक्रोअँपिअर आत येतात. ७४१ या ऑप-अँपच्या टोकात करंट जातच नाही म्हटले तरी चालेल, इतका तो नगण्य आहे. मग ते १० मायक्रोअँपिअर जाणार कुठे? फीडबॅकच्या १०० किलोओहममधूनच. तिथे १ व्होल्ट पडतो, म्हणून आउटपुटला उणे १ व्होल्ट. गेन उणे १०. १०० किलोओहमच्या जागी कपॅसिटर ठेवला की तोच ठरावीक करंट त्याला एका गतीने चार्ज करतो, आउटपुट सरळ रेषेत उतरते, आणि स्क्वेअर वेव्ह दिली की ट्रँगल वेव्ह मिळते. इंटिग्रेटर झाला. समर, डिफरन्शिएटर यांना वेगळी पाने लागत नाहीत.

पाठ करण्यासारखे काहीच नाही, असे मी म्हणत नाही. ०.७ व्होल्ट आणि २६ मिलीव्होल्ट पाठच हवेत. आरसी फेज शिफ्ट ऑसिलेटरला गेन २९ लागतो आणि वीन ब्रिजला ३, हे आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सीची सूत्रे चार दिवसांत सिद्ध करत बसू नकोस, पाठ कर आणि पुढे जा. ऑसिलेशन चालू राहण्याच्या बार्कहाउझेनच्या दोन अटी मात्र स्वतःच्या वाक्यात लिहून बघ. ब्रिज रेक्टिफायरला एका वेळी दोन डायोडमधून वाट जाते, म्हणून १२ व्होल्टच्या सेकंडरीचे शिखर १७ धरून त्यातून १.४ वजा कर. त्यावर याहून जास्त वेळ नको.

आता यादीविषयी. तुझा मामा माझा विद्यार्थी. त्याच्या बॅचने पेपरच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे आयएमपी मागितले, शेजारच्या तुकडीला मिळाले होते, आणि मी दिले नाहीत. त्याला या विषयात केटी लागली, म्हणजे नापास होऊन पेपर पुन्हा देण्याची वेळ आली. त्या वर्षी कॅम्पसला आलेल्या कंपन्यांपुढे त्याला बसता आले नाही, आणि घरची परिस्थिती अशी होती की ती नोकरी त्याला हवीच होती. पुढे तो रोज संध्याकाळी लॅबमध्ये येऊन बसू लागला, आणि आज भोसरीत तो यंत्रांची कंट्रोल कार्डे दुरुस्त करतो, ज्यांचे सर्किट डायग्रामसुद्धा मिळत नाहीत अशी. ट्रॅककडे बघत बघत वाट काढतो. पण मी त्याला माझा पुरावा म्हणून तुझ्यापुढे उभा करणार नाही. त्याच बॅचमधली काही मुले त्या केटीनंतर परत आलीच नाहीत. विभागाच्या बैठकीत निकालाचा तक्ता काढून मला विचारले गेले की दहा प्रश्नांची यादी दिली असती तर तुमचे काय बिघडले असते. मी तेव्हा जे म्हणालो तेच आजही म्हणतो: यादी दिली की मूल यादी वाचते, सर्किट वाचत नाही, आणि प्रश्नातला एक रेझिस्टर बदलला की ते पुन्हा कोरे होते. त्या मुलांचे चेहरे मला आठवतात आणि तरीही मी माझ्या म्हणण्यावरून हललेलो नाही. दोन्ही खरे आहे.

तुझ्या चार दिवसांचे म्हणशील तर पहिला दिवस पूर्ण बायसिंगला दे, दुसरा स्मॉल सिग्नल आणि फीडबॅकला, तिसरा ऑप-अँपला. चौथ्या दिवशी ऑसिलेटर, रेक्टिफायर आणि मागचे दोन पेपर घड्याळ लावून. सोडवलेली उदाहरणे वाचू नकोस. प्रश्न आणि आकृती ठेव, उत्तरावर कागद झाक, वाट काढ, अंदाजे उत्तर काढ आणि मगच कागद उचल. मिलीअँपिअर गुणिले किलोओहम म्हणजे सरळ व्होल्ट येतात, त्यामुळे दहाच्या घातांत अडकू नकोस. होस्टेलवर कोणाकडे ब्रेडबोर्ड असेल तर वरचे सर्किट एका संध्याकाळी जोड. सुटे भाग नसतील तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत शंभराच्या नोटेत मिळतील. मल्टिमीटरवर कलेक्टरला ७च्या पुढचा आकडा दिसला की तुला जे कळेल ते मी दहा पत्रांत लिहू शकणार नाही.

आणि हे उद्या रात्रीपर्यंत मला पाठव. वरच्याच सर्किटमध्ये बेसखालचा १० किलोओहमचा रेझिस्टर एका पायाने सुटला आहे. बेस, एमिटर आणि कलेक्टर या तिन्ही ठिकाणी आता अंदाजे किती व्होल्ट दिसतील, ते कागदावर सोडवून फोटो काढ. सूत्र लिहिले नाहीस तरी चालेल, लाल बाण हवेत.

तुझा,
सर