किडनी दिली, घेतली. आता कामावर कधी?

या वेळच्या पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून आला आहे: कामावर कधी जायचं? कॅलेंडरवर बोट ठेवून मी उत्तर देत नाही. आधी विचारतो, काम काय करता?

प्रश्न : यजमानांना किडनी देऊन तीन आठवडे झाले. माझी मेस आहे, तीस डबे जातात. येणारा-जाणारा त्यांची विचारपूस करतो आणि मला म्हणतो, "तुम्ही तर बऱ्या दिसता!" दुपारपर्यंत मी पार गळून जाते. माझंच काही चुकतंय का? (मानेवाडा)

उत्तर : काही चुकत नाही. यजमान कित्येक महिने आजारी होते. नवी किडनी चालू झाली की रक्त साफ होतं आणि त्यांना चार दिवसांत तरतरी येते. तुम्ही मात्र धडधाकट आत गेलात आणि दुखणं घेऊन बाहेर आलात. आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये बायकाच जास्त, आणि घरी आल्या की ओटा त्यांची वाट बघत असतो. याचा मला जुना राग आहे.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं तरी किडनी बाहेर काढायला पोटाला एक मोठी चीर द्यावीच लागते. वरची कातडी दोनेक आठवड्यांत जुळते, आतल्या थराला निदान सहा आठवडे हवेत. तोवर चार-पाच किलोंच्या वर काही उचललं तर हर्नियाला आमंत्रण. भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या घरात असतो. तो सरकवायचासुद्धा नाही. कुलरमध्ये ओतायची भरलेली बादली पंधरा किलोंची. तीस डब्यांची कणीक मळताना सगळा जोर पोटावर येतो, तेव्हा ते काम कुणाला तरी लावून द्या. भाजी निवडणं-चिरणं बसून करा. पाचव्या आठवड्यात दहा डब्यांनी सुरुवात करा, दुपारी आडवं व्हायचंच. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांना यापुढे कायमचा रामराम. ताप, टाक्यांतून पू, एकाच पोटरीला सूज किंवा धाप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : आईला किडनी दिली. दोन महिन्यांनी बुटीबोरीतल्या कंपनीत रुजू व्हायला गेलो, तर रिपोर्टवर क्रिएटिनिन (किडनीने गाळायचा रक्तातला कचरा) 1.3 आणि पुढे 'जास्त'ची खूण बघून मला अनफिट ठरवलं. मी किडनीचा पेशंट झालो का? आणि अवयवदानासाठी रजा मिळते का?

उत्तर : नाही. एक किडनी गेल्यावर उरलेली थोडी वाढते, जास्त काम करू लागते, आणि दोघींच्या मिळून कामाच्या साधारण सत्तर टक्क्यांपर्यंत पोचते. त्यामुळे दात्याचं क्रिएटिनिन पूर्वीपेक्षा जरा वर राहणारच. लॅबची ती खूण दोन किडन्यांच्या माणसाच्या हिशेबाने छापलेली असते. ऑपरेशन करणाऱ्या टीमकडून पत्र घ्या: दाता आहे, लघवीत प्रथिनं नाहीत, रक्तदाब नॉर्मल, अमुक कामाला योग्य. नुसतं 'फिट' लिहिलेलं पत्र कंपनीच्या डॉक्टरला पटत नाही. काम भट्टीजवळचं असेल तर पाण्याची सोय आणि मध्ये सुटी त्या पत्रातच मागून घ्या. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा एका किडनीवर कोरडं राहणं परवडत नाही. क्रिएटिनिन, लघवी आणि रक्तदाब दर वर्षी, जन्मभर तपासायचा.

रजेचं विचारलंत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला अवयवदानासाठी 42 दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा आहे, 2023 पासून. खासगी कंपनीला तो आदेश लागू नाही, पण एचआरपुढे ठेवायला कामाचा आहे.

प्रश्न : इतवारीत सोनारकाम करतो. भावाने किडनी दिली, तीन महिने झाले. पण हात थरथरतात, कडी जोडताना चिमटा हलतो. गोळी कमी करू का?

उत्तर : स्वतःच्या मनाने अर्धी गोळीसुद्धा कमी करू नका, भावाची किडनी पणाला लागेल. ही थरथर बहुधा टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या गोळीची आहे. सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन पातळी तपासा. ती जास्त निघाली तर डॉक्टर डोस उतरवतील आणि हात बरेच स्थिरावतील. तोवर बारीक जोडकाम सोडून पॉलिश, वजन, गिऱ्हाईक सांभाळा.

तुम्ही न विचारलेली गोष्ट मला थरथरीपेक्षा मोठी वाटते. केडीएमच्या झाळणात, म्हणजे दागिना जोडायच्या मिश्रधातूत, कॅडमियम असतं आणि त्याचा धूर किडनीला थेट मारक आहे. ते झाळण दुकानातून हद्दपार करा. शेजारचा कारागीर वापरत असेल तर बसायची जागा बदला.

प्रश्न : मिहानमध्ये रात्रपाळी आहे. प्रत्यारोपणाच्या गोळ्या आठ-आठला घेतो, पण संध्याकाळी आठला बसमध्ये असतो. आणि संत्री चालतात का?

उत्तर : अंतर बारा तासांचं राहिलं की झालं. दहा-दहा करायचं तर आपल्या डॉक्टरांना सांगून करा, रक्ततपासणीची वेळही त्याप्रमाणे सरकते. आपलं संत्रं खुशाल खा, पोटॅशियम वाढलेलं नसेल तर. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र वर्ज्य, त्यांनी औषधाची पातळी चढते. 'प्रतिकारशक्तीसाठी' म्हणून गुळवेलीचा काढाही नको. ती शक्ती आपण मुद्दाम दाबून ठेवली आहे. आणि कुलरची जुनी गवती ताटी काढायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा, तिच्यात बुरशी बसलेली असते.

प्रश्न : एप्रिलच्या शेवटी बहिणीला लिव्हरचा तुकडा दिला. मृगात पेरणी आहे. वावरात उतरू का? (काटोल)

उत्तर : उतरू नका, धुऱ्यावर बसून सांगा. लिव्हर दोन-तीन महिन्यांत बरंचसं भरून येतं, पण चीर किडनीदात्यापेक्षा मोठी असते. जड काम तीन महिन्यांनी, तेही सर्जनने पोट तपासून हो म्हटल्यावर. दारू बंद. पाठीवरचा फवारणीचा पंप भरला की वीस किलोंच्या आसपास होतो आणि वरून विषाचा वास, तेव्हा यंदाच्या हंगामात तो गड्याकडेच राहू द्या, आणि त्याला मास्क व हातमोजे घेऊन द्या.