फॉर्म दीडशे भरले, माणसं कुठायत?

प्रश्न : ताई, आमच्या भागात छोट्यामोठ्या पंधराएक संस्था आहेत, कुणी मुलांना शिकवतं, कुणी भटक्या कुत्र्यांचं बघतं, कुणी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसतं. सगळ्यांची रड एकच, हाताशी माणसं नाहीत. म्हणून गेल्या वर्षी आम्ही चौघांनी मिळून व्हॉलंटियर मेळावा घेतला. प्रत्येक संस्थेला एक टेबल दिलं, गर्दी चांगली झाली, दीडशेच्या आसपास फॉर्म भरले गेले, आम्ही जाम खूश. दोन महिन्यांनी चौकशी केली तर सगळ्या संस्थांत मिळून टिकलेली माणसं चार. यंदा परत घ्यायचं चाललंय पण उत्साह निम्मा झालाय. लोकांना खरंच काही करायचं नसतं का?

उत्तर : करायचं असतं हो. दीडशे माणसं सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडून उभ्याउभ्या फॉर्म भरतात ती उगाच नाही. तुमच्या पत्रात मेळाव्याच्या दिवसाबद्दल सगळं आहे आणि दुसऱ्या दिवसाबद्दल एक ओळ नाही, मला शंका आली ती तिथेच.

माझाही पहिला मेळावा असाच गेलाय. एक जाड रजिस्टर ठेवलेलं, पेन दोरीने बांधलेलं (ते तरीही हरवलं). संध्याकाळी पानं मोजली, फोटो काढले, आणि आवराआवरीत रजिस्टर बॅनरबरोबर खोक्यात गेलं, खोकं कुणाच्या तरी माळ्यावर गेलं. अकरा दिवसांनी आठवण झाली. फोन करायला बसलो तर निम्म्या नंबरांत १ आहे की ७ तेच कळेना, एका नंबरात आकडाच कमी, आणि लागला त्यातल्या एका बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "कुठला मेळावा म्हणालात?" त्यांचं काय चुकलं, अकरा दिवस खूप झाले. मेळाव्यातून घरी जाताना माणूस डोक्यात ते घेऊन जातो, दोन दिवस टिकतं, मग ऑफिस, मुलं, आजारपणं, संपलं.

तर यंदा हॉल बुक करायच्या आधी फोन कोण करणार ते बुक करा. साधा हिशोब बघा, दीडशे फोन, एकेक पाच मिनिटांचा धरला तरी साडेबारा तास होतात. तुम्ही चौघं ते करणार म्हणालात तर प्रत्येकी तीन तासांच्या वर, म्हणजे होणार नाही, हे लिहून देते. तेच पंधरा संस्थांत वाटलं तर प्रत्येकीच्या वाट्याला दहा फोन, तासाभराचं सुद्धा काम नाही. म्हणून टेबल देतानाच अट घाला की ४८ तासांच्या आत फोन करणाऱ्या माणसाचं नाव आधी द्या, मगच टेबल. कुरकुर होईल, एकदोन संस्था गळतील, गळू द्यात. आणि फोनच करा, नुसतं सगळ्यांना एका वॉट्सॲप ग्रुपमध्ये कोंबू नका, लोक तो म्यूट करून मोकळे होतात.

दुसरी गोष्ट, फॉर्मवर "आपल्याला कशात रुची आहे" असं होतं ना? मग "हो, रुची आहे" म्हणून माणूस निघून जातो, त्याने कबूल काहीच केलेलं नसतं. त्याऐवजी प्रत्येक संस्थेने एक ठरलेलं काम घेऊन यायचं, तारीख आणि वेळेसकट. "येत्या शनिवारी १० ते १२, लायब्ररीच्या पुस्तकांना नंबर घालायचेत, सहा जण हवेत." मेळाव्यानंतर दोन आठवड्यांच्या आतलं, दोन तासांचं, शिकवावं न लागणारं. छोटं काम केलेला माणूस मोठ्याला तयार होतो, हे माझं मत नाही फक्त. १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर नावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग छापला, घरापुढच्या अंगणात "गाडी जपून चालवा" असा भलामोठा बेढब बोर्ड लावू द्याल का असं लोकांना विचारलं. थेट विचारलं तिथे २० टक्के सुद्धा हो म्हणाले नाहीत, पण ज्यांनी दोन आठवडे आधी त्याच विषयाची इवलीशी पाटी लावायला होकार दिला होता त्या गटात ७६ टक्के तयार झाले. तुमचा शनिवार म्हणजे ती इवलीशी पाटी. फक्त काम खरं असू द्या, बोलावून ताटकळत बसवलंत तर तो माणूस परत तोंड दाखवणार नाही.

एक मात्र सांगते, लहान मुलं, पेशंट किंवा एकटी राहणारी वृद्ध माणसं यांच्याजवळ कुणालाही असं पटकन नेऊन सोडायचं नाही. तिथे ओळखपत्र, दोन ओळखीच्यांकडे चौकशी, सुरुवातीला जुन्या माणसाबरोबर जोडीने जाणं, हे सगळं झालंच पाहिजे, वेळ लागला तरी. अशा संस्थांनी पहिलं काम ऑफिसातलं द्यावं, सामानाची यादी करणं वगैरे, आणि उशीर का होतोय ते टेबलावरच सांगून टाकावं म्हणजे गैरसमज नको.

मांडणीचं थोडक्यात. सगळे शिक्षणवाले इकडे, प्राणीवाले तिकडे असं लावतात, मला ते पटत नाही. येणाऱ्याला स्वतःचा विषय माहीत नसतो, पण स्वतःचा वेळ पक्का माहीत असतो. महिन्यातून एकदा, दर आठवड्याला, घरबसल्या, असे तीन रंग करा आणि प्रत्येक टेबलावर ज्याचा त्याचा रंग लावा, माणूस आत शिरताना ठरवूनच शिरतो. क्यूआर कोड लावणार असाल तर जितक्या अंतरावरून स्कॅन करायचाय त्याच्या एकदशांश तरी मोठा छापा, म्हणजे दोन मीटरवरून हवा तर २० सेंटीमीटरचा. त्याच्या बाजूला कागदी फॉर्म पण ठेवा, नंबर तिथल्या तिथे वाचून खात्री करा. भाषणं शक्यतो नकोतच, माईक सुरू झाला की सगळ्या टेबलांवरचं बोलणं बंद पडतं आणि तेवढ्यासाठीच तर मेळावा असतो.

तारखेचं म्हणाल तर ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन, संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ठरवलेला, त्यामुळे बऱ्याच जणांना तोच दिवस हवा असतो. बातमी द्यायला बरा आहे, पण मी दिवसापेक्षा त्याच्या पुढचे तीन आठवडे बघते. परीक्षा, सण, मोठ्या सुट्ट्या त्यात येत असतील तर फोन आणि पहिला शनिवार दोन्ही बोंबलणार.

प्रश्न : आमची संस्था म्हणजे आम्ही तिघंच. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करतो. मेळाव्यात लोक टेबलाशी येतात, पत्रक उचलतात, छान काम करता म्हणतात, पुढे जातात. शेजारच्या मोठ्या संस्थेचा बॅनर आमच्या तिघांहून उंच. काय करावं?

उत्तर : अहो तुमच्याकडे तर सोन्यासारखं काम आहे आणि तुम्ही पत्रकं वाटताय! टेबलावर फोन ठेवा, साधा माईक लावा, पुस्तकाचं एक पान ठेवा आणि येणाऱ्याला म्हणा, "एवढा परिच्छेद वाचता का?" मी एका ठिकाणी हे बघितलंय, एक मध्यमवयीन गृहस्थ नको नको म्हणत बसले, विज्ञानाच्या पुस्तकातलं पान होतं, दुसऱ्या ओळीत अडखळले, "थांबा हं, परत वाचतो" म्हणाले, तीनदा वाचलं, मग हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐकला आणि पुस्तकाचं पुढचं पान मागितलं. तोवर मागे पाच जण उभे होते. बॅनरकडे बघायला कुणालाच सवड नव्हती.

आणि टेबलाच्या मागे बसू नका, पुढे येऊन उभे राहा, हातात मोबाइल नको. बोलताना समाजाचं ऋण वगैरे फार ताणू नका. क्लॅरी, स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली लोक स्वयंसेवक का होतात याची सहा कारणं मांडली : मूल्यं, शिकणं, सोबत, करिअर, मनावरचं ओझं विसरणं आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. ऋणाची भाषा त्यातल्या फार तर एकाला लागू पडते. त्यापेक्षा "तुम्हाला यातून काय हवंय?" असं सरळ विचारा, एखादी मुलगी म्हणेल मला आवाजाच्या क्षेत्रात जायचंय, एखादे काका म्हणतील घरात बोलायला कुणी नाही. दोघांनाही तुमच्याकडे काम आहे की.

प्रश्न : मी निवृत्त आहे. मेळाव्यात उत्साहाच्या भरात पाच ठिकाणी नाव दिलं. आता पाचही जणांचे फोन येतायत, नाही म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून फोनच उचलत नाही. पत्नी हसते.

उत्तर : काका, वहिनींचं हसणं रास्तच आहे! फोन न उचलल्याने तिकडे कुणीतरी तुमचं नाव यादीत धरून बसलंय, ते जास्त वाईट. घरापासून जवळचं आणि तुमच्या झोपेच्या वेळेआड न येणारं असं एक निवडा, बाकी चौघांना आजच एवढंच पाठवा : "मी दुसऱ्या संस्थेत काम सुरू करतोय, माझं नाव कृपया यादीतून काढा." कारणं, माफी, पुढच्या वर्षी बघू, काही जोडू नका, पुढच्या वर्षी बघू म्हटलंत तर ते खरंच फोन करतात.