दुधाच्या दातांकडे दुर्लक्ष नको

बाळाला पहिला दात आला, अभिनंदन! आता "दुधाचे दात, पडणारच आहेत" असं घरात कुणी म्हणालं तरी मनावर घेऊ नकोस. मागच्या दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या किडून आधीच काढाव्या लागल्या, तर बाजूचे दात सरकतात आणि कायमच्या दातांना जागा उरत नाही.

आजपासूनच सकाळी आणि रात्री झोपण्याआधी मऊ ब्रश फिरव. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच. 3 वर्षांनंतर वाटाण्याएवढी.

सगळ्यात घातक म्हणजे दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणं. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर तसंच साचून राहतं. ही सवय लागूच देऊ नकोस गं, नंतर मोडताना फार रडारड होते. अधूनमधून वरचा ओठ उचलून बघ. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात. तेव्हाच दाखवलंस तर कीड थोपवता येते. खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही.

पहिल्या वाढदिवसापर्यंत दातांच्या डॉक्टरांकडे एक फेरी मारच.